सुभेदारांचा होकार

सुभेदार धनाजी साळुंखे बोलायला उभे राहिले की बोरजाईच्या ग्रामसभेत माइक बंद करायची पद्धत होती. ऐन उमेदीत बर्फातल्या चौक्यांवर वाऱ्याच्या वर आवाज चढवून हुकूम दिलेला माणूस. निवृत्त होऊन गावी आल्यावर आवाज खाली आणायचं तेवढं राहून गेलं होतं.

त्या दिवशीचा विषय तर त्यांच्या अगदी जिव्हाळ्याचा होता. देशभर एकच वाद पेटला होता. घरटी एकच मूल असण्याचे दिवस आले होते, सैन्यभरती आटत चालली होती आणि लोकांचे दोन तट पडले होते. एक तट म्हणे, अठरा पूर्ण झाले की प्रत्येकानं दोन वर्षं सैन्यात काढलीच पाहिजेत. दुसरा म्हणे, बंदूक ज्याला मनापासून घ्यायचीय त्यानंच हातात घ्यावी. चालू कायदा या दुसऱ्या तटाच्या बाजूचा होता. पण तो बदलायचा का, यावर सरकारनं गावोगावच्या ग्रामसभांची मतं मागवली होती आणि सुभेदारांनी सक्तीच्या बाजूनं ठराव आणला होता.

"घरटी एक पोर!" सुभेदार गरजले. "सीमा काय भाड्याच्या माणसांनी राखायच्या? मर्जी इचारत बसलो असतो तर आमच्या तुकडीतलं निम्मं लोक थंडीच्या दिवसांत रजाईतच राहिलं असतं. हुकूम झाला, म्हणून उठलो!"

दूध डेअरीचे चेअरमन अप्पा यादव खुर्चीतच जरा पुढं सरकले. त्यांना एकुलता एक मुलगा होता. "सुभेदार, आमच्या सुजयला शिंक आली तरी त्याची आई दवाखाना गाठती. त्याला तिकडं वर धाडलं तर ती माझं काय करंल, ते बोला."

सभा हसली. सुभेदार हसले नाहीत. "मला बी एकच लेक हाय, अप्पा. आनंदानं धाडतोय तिला. मंगळवारी साताऱ्याला चाललोय आमी, संमती द्यायला."

यावर टाळ्या पडल्या. कोरम भरला नाही म्हणून ठराव पुढच्या सभेवर गेला, पण सुभेदार छाती पुढं काढूनच घरी आले.

त्यांची लेक ईश्वरी नुकतीच बारावी झाली होती. तिला सैन्याच्या हिमबचाव पथकात जायचं होतं. हिमकडा कोसळला की खाली गाडल्या गेलेल्यांना शोधून बाहेर काढायचं, हे त्या पथकाचं काम. लहानपणी सुभेदार रजेवर आले की ती त्यांच्या मांडीवर बसून बर्फाच्या गोष्टी ऐके. बाकीची मुलं वाघ-सिंहांच्या गोष्टी मागत, ही विचारी, "मग तो माणूस सापडला का?" आता ती रोज सकाळी पाठीवर वाळूची पिशवी बांधून डोंगर चढायची आणि सुभेदार पायथ्याशी शिट्टी घेऊन उभे राहायचे.

कायद्यात एक मेख होती. मधल्या काळात पोरांना ढकलून भरतीला पाठवणाऱ्या आईबापांचं पेव फुटलं होतं. प्रशिक्षण अर्ध्यावर टाकून पोरं पळून येत. काही पळूनही आली नाहीत, त्यांनी जिवाचं बरंवाईट करून घेतलं. तेव्हा असं ठरलं की भरती होणाऱ्याचा होकार खराखुरा त्याचाच आहे ना, हे आधी तपासायचं. आणि एकुलतं एक मूल एकवीसच्या आतलं असेल, तर आई आणि वडील दोघांचाही होकार तसाच तपासायचा. तपासणीसाठी आता यंत्र होतं. त्याला सरकारी नाव लांबलचक होतं, लोक त्याला होकारयंत्र म्हणत.

साताऱ्याच्या केंद्रात डॉक्टर मुग्धा खांबेटे यांनी तिघांना समोर बसवून ते नीट समजावून सांगितलं. त्यांचा आवाज शांत होता आणि समोरचा सुभेदार असो की शेंबडं पोर, त्या त्याच आवाजात बोलत.

"हे बटण दाबलं की पाव सेकंदानं घंटी वाजते," त्या म्हणाल्या. "पाव सेकंद म्हणजे पाव सेकंद, त्यात कधी फरक नाही. पण गंमत अशी, की बटण तुम्ही तुमच्या मनानं दाबलंत, तर घंटी लगेच वाजली असं वाटतं. आणि कुणी सांगितलं म्हणून दाबलंत, तर तीच घंटी उशिरा वाजल्यासारखी वाटते. आपण मनापासून केलेली गोष्ट आणि तिचा परिणाम, यांना मेंदू एकमेकांच्या जवळ ओढतो. दुसऱ्याच्या हुकमानं केलेल्या गोष्टीशी तो तितकीशी सोयरीक ठेवत नाही."

"मग मान्सानं खोटं सांगितलं तर? लगेच वाजली म्हणून?" सुभेदारांनी विचारलं.

"तुम्ही काय सांगता ते आम्ही विचारतच नाही. हे टोपडं डोक्यात घातलं की घंटी तुमच्या मेंदूपर्यंत कशी पोचली, ते आम्हाला थेट दिसतं. पूर्वी हे छोट्या बटणांपुरतंच जमायचं. आता तुमच्या निर्णयात काय काय येतं, ते सगळं आधी दाखवतो, आणि मग 'होय' की 'नाही' ते बटण तुम्ही दाबायचं. दोन्ही बटणं तुमचीच आहेत, हे तेवढं लक्षात ठेवा."

ईश्वरी आधी आत गेली आणि चहा गार व्हायच्या आत बाहेर आली. होकार तिचा स्वतःचा होता. मग रोहिणीताई, म्हणजे सुभेदारीणबाई, गेल्या. सुभेदारांना खरी धास्ती त्यांचीच होती. गेले सहा महिने त्या पोळ्या लाटताना, पाणी भरताना मधूनच डोळ्याला पदर लावत. सक्तीचं नाव काढलं तरी त्यांच्या कपाळाला आठी पडे. त्या बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते, पण त्यांचाही होकार पक्का निघाला.

"चला, माझं तर काय, सहीपुरतंच काम," असं म्हणत सुभेदारांनी टोपडं चढवलं.

समोर चित्रं उमटू लागली. ईश्वरी गणवेशात. ईश्वरी गाडीत बसतेय. पांढरा उतार, त्यावर एका ओळीत चाललेली टिंबं, त्यातलं एक टिंब ती. मग वरून काहीतरी सुटलं आणि सगळं पांढरं झालं. सुभेदारांना तो आवाज ओळखीचा होता. बजरंग पाटील नावाच्या त्यांच्या जोडीदाराला त्यांनी अशाच पांढऱ्याखालून हातांनी उकरून काढलं होतं, आणि उशीर झाला होता. हे त्यांनी घरी कधीच सांगितलं नव्हतं. ईश्वरीला सांगितलेल्या गोष्टींत तो माणूस नेहमी जिवंत सापडायचा.

त्यांनी 'होय' दाबलं. घंटी वाजायला किती उशीर! वाट बघून बघून जीव टांगणीला लागावा, इतका. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

"सुभेदारसाहेब," डॉक्टर म्हणाल्या, "हा होकार तुमचा नाही."

"मग कुणाचा? मीच तर दाबलं!"

"तुम्हीच दाबलंत. पण हुकूम मिळाल्यासारखं दाबलंत. हुकूम कुणाचा, ते यंत्राला कळत नाही." त्यांनी पुढचा कागद काढला. "एकदा फेरतपासणी होते, महिन्याभरानं. तेव्हाही हेच आलं तर ईश्वरीला एकवीसपर्यंत थांबावं लागेल."

तोवर हिमबचाव पथकाची दारं बंद झालेली असणार होती. तिथे विशीच्या आतलीच मुलं घेत. हे घरातल्या तिघांनाही ठाऊक होतं.

बातमी गावात त्यांच्याआधी पोचली. सुभेदार नापास झाले, हे ऐकून बोरजाईला काय करावं तेच कळेना. हसावं तर माणूस मोठा, न हसावं तर पोटात मावेना. अप्पा यादवांनी मात्र डेअरीवर कुणाला हसू दिलं नाही, आणि हेच सुभेदारांना जास्त लागलं.

बोरजाईत भरतीच्या परीक्षेत कुणी नापास झालं तर त्यावर एकच इलाज ठाऊक होता, तो म्हणजे क्लास. धावण्याचा क्लास, उंच उडीचा क्लास, मुलाखतीत कसं बसायचं त्याचा क्लास. तेव्हा सुभेदारांनी गावाच्या रीतीला धरून तेच केलं. साताऱ्याच्या एका अकॅडमीनं पालकांसाठी रविवारची 'होकार बॅच' सुरू केली होती. मनापासून हो कसं म्हणायचं, हे तिथे सरावानं शिकवत.

एका पत्र्याच्या हॉलमध्ये दहा-पंधरा आईबाप डोळे मिटून बसले होते. गळ्यात शिट्टी अडकवलेला तरुण सर ओरडत होता, "मनापासून! अजून मनापासून! मागच्या रांगेतले काका, मन लागत नाहीये तुमचं!" मागच्या रांगेतले काका म्हणजे सुभेदारच. एका बनावट टोपड्यावर सराव करायला मिळाला. पहिल्या फेरीपेक्षा दुसऱ्या फेरीला घंटी उशिरा वाजल्यासारखी वाटली, तिसऱ्या फेरीला त्याहून उशिरा. सर म्हणाला, "काका, रोज सकाळी उपाशीपोटी शंभरदा हो म्हणा." आयुष्यभर रंगरूटांवर ओरडलेले सुभेदार त्या पोरासमोर "येस सर" म्हणाले आणि मुकाट घरी आले.

रोहिणीताई ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. सुभेदार शेजारी बसून फोडू लागले. टरफलं दाण्यांत आणि दाणे टरफलांत पडत होते. ताईंनी थोडा वेळ ते बघितलं आणि सूप आपल्याकडे ओढलं.

"शिकला का काय?"

"कसलं काय." मग न राहवून त्यांनी विचारलं, "तू कशी पास झालीस गं? सहा महिने रडतीस. सक्ती नको म्हणून माझ्याशी भांडतीस. आन् तुझा होकार पक्का?"

"रडू येतंय म्हंजे मनात न्हाई, असं कुणी सांगितलं तुमाला?" ताई शेंगा फोडतच होत्या. "तुमी रजा संपवून निघायचा, तवा तुमच्या हातावर दही कोण घालायचं?"

"तू."

"तुमी वळणाआड गेला की मी त्या दिवशी केर काढत न्हवते. माणूस घरातनं निघालं की लगेच झाडू मारायचा न्हाई, म्हणून. तुमच्या बुटाची माती दारात तशीच असायची. दुसऱ्या दिवशी ती माती मी माझ्या हातानं काढायची. दर वर्षी. पयल्या खेपंला दोन दिवस काढली न्हवती, मग तुमच्या आई रागं भरल्या." त्यांनी सूप खाली ठेवलं. "अवो, तुमी जन्मभर निघालात. निरोप कधी द्यावा लागला तुमाला? निघणाऱ्याला पुढचा रस्ता असतो. मागं ऱ्हाणाऱ्याला हे शिकावं लागतं. मला वीस वर्षं लागली, आन् तुमी रविवारच्या क्लासात शिकाया गेलाय."

इतक्या वर्षांत त्या मातीचा विचार सुभेदारांच्या मनाला कधी शिवला नव्हता. बायको दारात उभी राहते, हात हलवते, आत जाते, एवढंच त्यांनी गाडीच्या खिडकीतून पाहिलं होतं. त्यांना एकदम तिची फार माया दाटून आली, आणि लाजही वाटली. मग त्यांनी तिला बजरंग पाटलाची हकीकत सांगितली. अगदी पहिल्यापासून, उकरताना हातमोजा फाटला तिथपासून ते उशीर झाला तिथपर्यंत. सांगताना त्यांचा आवाज इतका खाली आला की रोहिणीताईंना पुढं वाकून ऐकावं लागलं.

दारामागे ईश्वरी उभी होती, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डोंगर चढून आली, पाठीवरची वाळूची पिशवी उतरवली आणि पायथ्याशी उभ्या असलेल्या बापाच्या शेजारी दगडावर बसली.

"किती लागला वेळ?"

"घड्याळ लावायचंच राह्यलं," सुभेदार म्हणाले. शिट्टी त्यांच्या हातात तशीच होती.

"पप्पा, एक बोलू? तुम्ही नाही म्हणा."

"काय?"

"त्या दिवशी साताऱ्यात 'नाही'चं बटणसुद्धा होतं. तुम्ही त्याच्याकडे बघितलं तरी का? मी काल ऐकलं सगळं, पाटीलकाकांचं. तुम्हाला नाही म्हणावंसं वाटत असेल तर म्हणा. मी रागावणार नाही. मला वाईट वाटेल, पुष्कळ वाटेल, पण तुमच्यावर रुसून नाही बसणार. इथे आपत्ती निवारणात काम मिळेल. दरडी आपल्याकडेही कोसळतात." तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज स्थिर होता. "ओढूनताणून हो म्हणू नका. मला तसा नकोय तुमचा हो."

सुभेदारांनी तिच्याकडे बघितलं. ती खोटं बोलत नव्हती. लहानपणी खोटं बोलताना ती डाव्या हातानं वेणीचं टोक ओढायची. आता दोन्ही हात मांडीवर शांत होते. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि दोघं ऊन चढेपर्यंत तिथंच बसून राहिली.

फेरतपासणीच्या आधी ग्रामसभा आली. या खेपेला कोरम भरूनही माणसं दाराशी उभी होती, कारण सुभेदार काय बोलतात ते सगळ्यांनाच ऐकायचं होतं. सवयीप्रमाणे ग्रामसेवकानं माइक बंद केला. सुभेदार म्हणाले, "चालू ठेवा वो. आज लागंल."

"ठराव मी मागं घेतोय," ते म्हणाले. "देश राखायचा न्हाई, असं मी म्हणत न्हाई. राखायलाच पायजे. माझे तीस पावसाळे-उन्हाळे त्यातच गेले. पण मागच्या सभंत मी बोललो, आनंदानं धाडतोय म्हणून. तो आनंद बिनंद काय नव्हता. मी तुमच्यासमोर बोललो, म्हणून मला धाडणं भाग होतं. माझ्या मनातला होकार मलाच हुकमानं भायेर काढता आला न्हाई. मग अप्पांच्या घरातला कायद्यानं कसा काढू? आन् असा सक्तीनं आणलेला पोरगा माझ्या शेजारी उभा राहिला, तर बर्फाखालनं मला उकराया तो हात घालंल का? घालंलही. पण मला त्याचा भरवसा वाटणार न्हाई." मग ते म्हणाले, "मंगळवारी मी पुन्हा चाललोय. काय सांगणार, ते मला ठाऊक न्हाई. हो बी म्हणंन, न्हाई बी म्हणंन. न्हाई म्हटलं तर गावानं नावं ठेवू नयेत, एवढंच इनंती."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अप्पा यादव म्हणाले, "सुभेदार, नावं आमी तशी बी ठेवतोच. त्याचं काय मनावर घिऊ नका." तेव्हा मात्र सगळी सभा हसली, आणि सुभेदारही हसले.

मंगळवारी डॉक्टर खांबेटेंनी टोपडं चढवताना विचारलं, "क्लास लावला होता म्हणे?"

"सोडला."

"बरं केलंत."

चित्रं पुन्हा आली. गणवेश, गाडी, पांढरा उतार, ते टिंब. वरून सुटलेला बर्फ. या खेपेला सुभेदारांनी नजर हलवली नाही. मग त्यांनी 'नाही'च्या बटणावर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून विचार केला. नाही म्हटलं तर काय होईल? ईश्वरी घरी राहील. रोज डोळ्यांसमोर असेल, सणाला असेल, आजारपणात असेल. त्यांना ते फार फार हवं होतं. कुणी दोष देणार नव्हतं, गाव नाही, बायको नाही, पोरगीही नाही. आता ते खरोखर नाही म्हणू शकत होते. आणि मग त्यांना ती डोंगर चढताना दिसली. वर पोचल्यावर ती नेहमी कंबरेवर हात ठेवून उत्तरेकडे बघत उभी राहायची. खाली उतरायला तिला कधी घाई नसे.

कुठल्यातरी पोराचा बाप तिकडं दूर आपल्या पोराची वाट बघत असेल, आणि ते पोर पांढऱ्याखाली असेल. तिथं हात घालायला ही जाईल. मनापासून जाईल. बजरंगच्या वेळी अशी एखादी असती तर.

सुभेदारांनी बोट उचललं आणि 'होय' दाबलं.

घंटी वाजली. इतकी लगेच वाजली की बटण आधी दाबलं की घंटी आधी वाजली, हेच त्यांना समजेना. डॉक्टरांनी काही सांगायच्या आतच त्यांना कळून चुकलं, आणि सुभेदार धनाजी साळुंखे त्या खुर्चीत ओक्साबोक्शी रडले. डॉक्टरांनी टोपडं अलगद काढून घेतलं आणि पाण्याचा पेला पुढं केला. "वेळ घ्या," त्या म्हणाल्या.

ते बाहेर आले तेव्हा बाकावरून दोघी उठल्या. बापाचा तो चेहरा ईश्वरीनं आयुष्यात पाहिला नव्हता. तिनं धावत येऊन त्यांच्या कमरेला मिठी मारली.

"असू दे पप्पा," ती घाईघाईनं म्हणू लागली. "असू दे हं. काही बिघडलं नाही. मी नाही जात. इथंच राहते तुमच्याजवळ. कुठ्ठे जात नाही मी."

तिच्या खांद्यावरून सुभेदारांची आणि रोहिणीताईंची नजरानजर झाली. ताईंना सगळं कळलं. त्यांनी पदर तोंडाशी नेला.

सुभेदारांनी लेकीला थोडा वेळ तसंच समजू दिलं. ती इथंच राहणार आहे, असं तिच्या तोंडून ऐकत, तिच्या केसांवर हनुवटी टेकून ते उभे राहिले. मग त्यांनी तिला जरा दूर धरलं.

"ईशू," ते म्हणाले, "पास झालो गं मी."